नावडत्या भाजीचा परिचय

मूल जेवत नाही, ही फिर्याद बालरोगतज्ज्ञांच्या दवाखान्यात जितक्या वेळा दाखल होते तितकी दुसरी क्वचितच होत असेल. वरणभात, बटाट्याच्या काचऱ्या आणि दही एवढ्या तीन पदार्थांच्या हद्दीत स्वतःला कोंडून घेतलेले, भेंडीची फोड दिसताच ओठ घट्ट मिटणारे आणि पालेभाजीचा एखादा हिरवा कण भातात आढळला तरी तो बोटाने वेचून ताटाच्या कडेला नेऊन ठेवणारे मूल ज्या घरात नाही असे घर विरळा. त्या मुलामागे वाटी घेऊन फिरणारी आई, ‘एवढा एकच घास’ म्हणून अजीजी करणारी आजी, ‘भाजी संपली नाही तर खेळायला जायचे नाही’ असे फर्मान काढणारे वडील, आणि अलीकडे या सर्वांची जागा घेऊन बसलेला तो मोबाईल, ज्याच्याकडे टक लावून मूल आपण काय गिळतो आहोत याची शुद्ध न ठेवता घासामागून घास गिळत राहते, हे सारे उपाय वरवर परस्परविरुद्ध दिसले तरी एकाच समजुतीवर उभे आहेत. मुलाचा नकार हा हट्ट आहे आणि हट्ट हा कसेही करून मोडून काढावयाचा असतो, ही ती समजूत. ती मला मुळातच चुकीची वाटते. आणि ती टाकून दिली असता त्याच नकारातून मुलाच्या शिक्षणाची केवढी सामग्री आपल्या हाती येते, हे येथे थोड्या विस्ताराने सांगण्याचे योजिले आहे.

प्रथम शरीराचा हिशेब पाहू. जन्मतः सुमारे तीन किलो वजनाचे बालक वर्षाचे होईतो तिपटीने वाढून नऊ किलोंच्या आसपास येते. परंतु दुसऱ्या वर्षात त्याच्या वजनात अवघी दोन-अडीच किलोंची भर पडते. वाढीचा वेग इतका मंदावल्यावर त्या मानाने भूकही मंदावणार हे उघड आहे. मात्र पहिल्या वर्षीचे जेवण डोळ्यांपुढे असलेल्या आईला दुसऱ्या वर्षीचे तेच मूल एकाएकी ‘काही खातच नाही’ असे वाटू लागते, आणि ज्या गोष्टीत चिंतेचे कारण नव्हते तेथे चिंतेचा आणि चिंतेपाठोपाठ सक्तीचा प्रवेश होतो.

नेमक्या याच सुमारास आणखी एक गोष्ट घडत असते. साधारणपणे दुसऱ्या वर्षापासून सहाव्या वर्षापर्यंतच्या काळात अपरिचित अन्नाविषयीची भीती मुलांच्या ठिकाणी सर्वांत प्रबळ असते, असे मानसशास्त्रज्ञांचे निरीक्षण आहे. हे वय मूल मांडीवरून उतरून स्वतःच्या पायांनी हिंडू लागण्याचे, हाताला लागेल ते तोंडात घालण्याचे. अशा वयात जे ओळखीचे नाही ते तोंडात घेऊ नये, आणि घेतलेच व कडू लागले तर तत्काळ थुंकावे, ही प्रवृत्ती मनुष्यजातीच्या बालकांचे रक्षण करीत आली असली पाहिजे. कारण वनस्पतींमधील कित्येक विषे कडू असतात. याचा दाखला शोधण्यासाठी अरण्यात जाण्याची गरज नाही. दुधी भोपळा चिरला की जाणती गृहिणी त्याची एक बारीक फोड जिभेला लावून पाहते आणि ती कडू लागली तर अख्खा दुधी टाकून देते, कारण कडू दुधीतील द्रव्यांनी माणसाला गंभीर विषबाधा होऊ शकते. स्वयंपाकघरात आईने दाखवलेली ही दक्षता आपण शहाणपणात जमा करतो आणि ताटावर बसलेल्या मुलाने दाखवलेली तीच दक्षता मात्र हट्टाच्या खाती मांडतो.

शिवाय सर्वांच्या जिभा सारख्या नसतात. १९३१ सालच्या सुमारास अमेरिकेतील ड्यूपाँ कंपनीच्या प्रयोगशाळेत आर्थर फॉक्स हे रसायनशास्त्रज्ञ फिनाइलथायोकार्बमाइड नावाचे द्रव्य बाटलीत भरीत असता त्याची धूळ हवेत उडाली. जवळच काम करणाऱ्या सहकाऱ्याने ती फार कडू लागल्याची तक्रार केली, पण स्वतः फॉक्स यांना काहीच चव लागली नाही. पुढील तपासात असे आढळले की हे द्रव्य काही माणसांना अतिशय कडू लागते, तर काहींना ते लागतच नाही, आणि हा भेद आनुवंशिक आहे. त्याला मुख्यत्वे कारणीभूत असणारे जनुकही २००३ साली निश्चित झाले. कोबी, मुळा, मोहरी यांच्या कुळात याच जातीची द्रव्ये असतात. तेव्हा एकाच घरातील दोन भावंडांपैकी एकाने कोबी आनंदाने खावा आणि दुसऱ्याने तोंड वेडेवाकडे करावे, यात दुसऱ्याच्या संस्कारांत न्यून शोधण्याचे कारण नाही. त्याला लागणारी चव पहिल्याला लागतच नसेल.

आता सक्तीचा आणि आमिषाचा विचार करू. या विषयावर अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ लीॲन बर्च यांनी बालवाडीच्या वयाच्या मुलांवर जे काम केले आहे ते प्रत्येक पालकाने समजून घेण्याजोगे आहे. १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात काही मुलांना आंबवलेल्या दुधाचे एक स्वादिष्ट पेय, ते प्याल्याबद्दल बक्षीस अथवा शाबासकी देऊन पाजण्यात आले, आणि काहींना ते काही अट न घालता केवळ पुढे ठेवण्यात आले. बक्षिसासाठी पिणाऱ्या मुलांची त्या पेयाविषयीची आवड कालांतराने घटली. काही न सांगता ज्यांना ते मिळाले त्यांची घटली नाही. कारण समजण्यास कठीण नाही. ज्या गोष्टीसाठी लाच द्यावी लागते ती गोष्ट वाईटच असली पाहिजे, हा तर्क चार वर्षांचे मूलही करू शकते. आणि ‘भाजी खा, मग चॉकलेट देईन’ या एका वाक्याने आपण चॉकलेटची किंमत चढवितो आणि भाजीची उतरवितो. उलट बर्च यांच्याच १९८२ सालच्या प्रयोगात दोन वर्षांच्या मुलांपुढे अपरिचित पदार्थ वारंवार आले तेव्हा जो पदार्थ अधिक वेळा चाखला गेला तो अधिक आवडू लागला; आणि १९८० सालच्या प्रयोगात असे दिसले की एखाद्या मुलाला न आवडणारी भाजी आवडीने खाणाऱ्या समवयस्कांच्या पंक्तीस बसविले की थोड्याच दिवसांत त्याची निवड पालटते. परिचय आणि पंगत या दोन गोष्टी जे साधतात ते फर्मानाने आणि बक्षिसाने साधत नाही, असा याचा अर्थ.

याही पूर्वी, १९२०च्या दशकात, क्लारा डेव्हिस या अमेरिकन बालरोगतज्ज्ञ बाईंनी नुकत्याच अंगावरून तुटलेल्या बालकांना अन्नाची निवड स्वतः करू देण्याचा जो दीर्घकालीन प्रयोग केला, त्याची हकीकत त्यांनी १९३९ साली एकत्र सांगितली. बालके पंधरा, पदार्थ चौतीस. साखर नाही, मैद्याचे पक्वान्न नाही. धान्य, दूध, अंडी, मांस, मासे, भाज्या, फळे, सर्व वेगवेगळ्या भांड्यांत, साधे. परिचारिकेने चमचा हाती धरून मुकाट्याने बसावयाचे. बालकाने एखाद्या भांड्याकडे हात केल्याखेरीज त्यातील घास उचलावयाचा नाही, चेहऱ्यावर पसंती-नापसंती दाखवावयाची नाही. कोणी एके दिवशी नुसती केळीच खाल्ली, कोणी अंडीच मागितली, तरीही दीर्घ मुदतीत सर्व बालके उत्तम पोसली गेली. मात्र डेव्हिसबाईंनी स्वतःच बजावून ठेवले आहे की या यशाचे रहस्य त्या चौतीस पदार्थांच्या यादीत होते. यादी मोठ्यांनी केली होती आणि निवड बालकांनी. ही वाटणी ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

येथवरच्या विवेचनावरून कोणी असा निष्कर्ष काढील की भाजी पुन्हा पुन्हा मुलाच्या दृष्टीस पाडावी म्हणजे झाले. तसे नाही. बर्च यांनीच १९८७ साली दाखवून दिले की एखादा पदार्थ नुसता पाहून तो दिसायला बरा वाटू लागतो, पण चव आवडू लागण्यासाठी तो जिभेला लागावाच लागतो. तेव्हा डोळा, हात, नाक या वाटेने निघालेला परिचय शेवटी जिभेपाशी पोहोचला पाहिजे, आणि तेथे पोहोचल्यावर मुलाला थुंकण्याची पूर्ण मुभा असली पाहिजे. नवा पाहुणा घरी येताच मुलाला बळेच त्याच्या मांडीवर बसविले तर ते रडते, पण त्याला दारामागून पाहू दिले, हळूहळू जवळ सरकू दिले, तर तासाभराने ते आपण होऊन त्याच्या चष्म्याला हात लावते. भाजीच्या बाबतीतही हाच क्रम आहे, फक्त तासाऐवजी कित्येक आठवडे लागतात, आणि हे आठवडे कंटाळवाणे न होता ज्ञानाचे व आनंदाचे कसे होतील हाच खरा प्रश्न आहे.

या प्रश्नाचे उत्तर आपल्या आज्या-पणज्यांनी फार सुंदर देऊन ठेवले आहे. संक्रांतीनंतर रथसप्तमीपर्यंत होणारे बोरन्हाण आठवा. काळे झबले आणि हलव्याचे दागिने घातलेल्या बाळाला पाटावर बसवून त्याच्या डोक्यावरून बोरे, उसाचे करवे, हरभऱ्याचे घाटे, भुईमुगाच्या शेंगा, चुरमुरे, तिळगूळ यांचा वर्षाव करतात, आणि भोवती जमलेली आळीतली पोरे ते वेचण्यासाठी तुटून पडतात. थंडीच्या हंगामातील झाडून सारे ताजे खाद्य एकाच वेळी बाळाच्या अंगावरून घरंगळते. ते त्याला हाताळता येते, कानाशी खुळखुळवता येते, आणि मुख्य म्हणजे बरोबरीची मुले ते किती आवडीने पळवीत आहेत हे त्याला समोर दिसते. खा म्हणून कोणी सांगत नाही. अपरिचित अन्नाची भीती घालविण्याची याहून शास्त्रशुद्ध व्यवस्था मला तरी माहीत नाही. आजकाल या समारंभात बोरांऐवजी कागदी वेष्टनातली चॉकलेटे आणि बिस्किटे उधळण्याची प्रथा पडते आहे, तिचे मला मनापासून वाईट वाटते. समारंभाचा देह शिल्लक राहिला आणि प्राण गेला.

भोंडल्याची खिरापत हे दुसरे उदाहरण. पाटावरच्या हत्तीभोवती फेर धरून गाणी संपली की झाकलेला डबा पुढे येतो आणि त्यात काय आहे हे ओळखल्यावाचून तो उघडावयाचा नाही असा नियम असतो. गोड की तिखट, ओले की कोरडे, डबा हलविला तर वाजते की नाही, वास कशाचा येतो, असे प्रश्न विचारीत, शक्यता खोडीत, मुली उत्तराशी पोहोचतात. वर्गीकरण, अनुमान, शब्दसंपत्ती, धीर, यांचे यात जे शिक्षण होते ते शाळेच्या कित्येक तासांत होत नसेल. शिवाय ज्या पदार्थासाठी इतका वेळ डोके चालविले तो पदार्थ चाखून पाहण्यास, एरवी नाके मुरडणारी मुलगीही सहसा नकार देत नाही. हाच खेळ भोंडल्यावाचूनही, शाळेच्या डब्यात किंवा रात्रीच्या जेवणापूर्वी, वाटेल तेव्हा खेळता येतो.

बालशिक्षणाच्या आपल्याकडील थोर पुरस्कर्त्या ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डीस आणि पुढे १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर अनुताई वाघ यांच्यासह जे कार्य केले, त्यात महागड्या परदेशी साधनांच्या जागी दगड, शिंपले, पाने, बिया असे परिसरात फुकट मिळणारे साहित्य आणून बालवाडी थेट वारली मुलांच्या अंगणात नेली होती. त्या दृष्टीने पाहिले तर मंडईची पिशवी ही बालशिक्षणाच्या साधनांची पेटीच होय: आकार, रंग, स्पर्श, गंध, वजन, संख्या आणि चव इतक्या अंगांनी बोलणारे दुसरे साधन कोणते दाखविता येईल?

माझ्या परिचयातील एका कुटुंबात, घरात अत्यंत नावडत्या असलेल्या कारल्यावर झालेला एक प्रयोग मी जवळून पाहिला आहे. सात वर्षांची मुलगी आणि चार वर्षांचा तिचा भाऊ. प्रथम एका अख्ख्या कारल्यावर पातळ कागद धरून मुलांनी त्यावर खडू आडवा घासला. कारल्याच्या पाठीवरील उंचसखल रेघा व गाठी कागदावर उमटल्या, आणि मुलगी त्याला ‘मगरीची पाठ’ म्हणाली. मग आईने कारले चिरून चकत्यांचे चार भाग केले. पहिला तसाच ठेवला. दुसऱ्याला मीठ चोळून पंधरा-वीस मिनिटे बाजूस ठेवला. तिसरा मीठ लावून, पिळून, चिंच-गुळात शिजवला. चौथा पातळ कापून तेलात कुरकुरीत तळला. मीठ लावलेल्या चकत्यांना सुटलेले हिरवट पाणी मुलांनी चमच्याने मोजले, आणि कोरड्या चकतीतून एवढे पाणी आले कोठून, असा प्रश्न आपण होऊन विचारला. तेव्हा मीठ हे पेशींतील पाणी बाहेर ओढून घेते, आणि लोणच्याच्या कैरीला सुटणारा खारही असाच तयार होतो, हे त्यांना सांगता आले. नंतर चाखण्याची पाळी. मुलीने पहिल्या आणि दुसऱ्या भागातील नखाएवढे तुकडे जिभेवर ठेवून बराच वेळ विचार केला आणि म्हणाली, “आई, पहिल्याचं कडू लगेच येतं आणि दुसऱ्याचं मागून येतं.” केवढे सूक्ष्म निरीक्षण! मीठ कडूपणा नुसता धुऊन काढीत नाही, तर जिभेवरही त्याची जाणीव दडपते, हे फिलाडेल्फिया येथील संशोधकांनी १९९७ साली एका लहानशा निबंधात दाखविले आहे, आणि तेथवर ही मुलगी आपल्या जिभेच्या आधारे जवळजवळ पोहोचली होती. धाकट्याने पहिला तुकडा तत्काळ थुंकला, मधले दोन हुंगून बाजूला केले, आणि चौथ्या भागातील एक चकती मात्र कुरकुर आवाज ऐकण्यासाठी म्हणून खाल्ली. त्याला कारले आवडू लागले असे मी मुळीच म्हणणार नाही. परंतु जो पदार्थ ताटात दिसताच तो आदल्या दिवसापर्यंत उठून जात असे त्याच्या शेजारी तो त्या दिवशी पाऊण तास स्वखुशीने बसला होता, आणि मला त्याचेच मोल अधिक वाटते.

चवीचे शिक्षण हे स्वतंत्र शिक्षण आहे, हे फ्रान्समधील रसायनशास्त्रज्ञ झाक प्विझे यांनी ओळखले आणि १९७०च्या दशकात तेथील शाळांत मुलांसाठी चवीचे वर्ग सुरू केले. एकेका इंद्रियाचा स्वतंत्र अभ्यास, आणि जे जाणवले ते नेमक्या शब्दांत सांगणे, हा त्या वर्गांचा गाभा. आपल्याकडे तर आयुर्वेदाने सहा रसांचे वर्गीकरण करून ठेवलेलेच आहे. गूळ, चिंच, मीठ, मिरे, मेथीदाणा आणि आवळा असे सहा नमुने छोट्या वाट्यांत मांडले की गोड, आंबट, खारट, तिखट, कडू आणि तुरट यांची शाळा घरात भरते. तुरट ही चव नसून तोंड आखडल्याची भावना आहे का, तिखट ही चव की जळजळ, यावर दहा वर्षांची मुले जोराचा वाद घालू शकतात, आणि आधुनिक शरीरशास्त्रही या दोहोंना चवीपेक्षा स्पर्श व वेदना यांच्या पंगतीस अधिक बसविते. जिभेच्या टोकाला गोड आणि मागच्या बाजूला कडू लागते असा जो नकाशा कित्येक पिढ्यांच्या पाठ्यपुस्तकांत छापला जात असे तो चुकीचा आहे. मुलांना मेथीचे पाणी कापसाच्या बोळ्याने जिभेच्या निरनिराळ्या भागांवर लावून तो तपासू द्यावा, म्हणजे छापलेले सारेच खरे नसते हेही ती शिकतील. नाक चिमटीत धरून बडीशेप चावावी, आणि मग चिमूट सोडावी. ज्याला आपण चव म्हणतो त्यातला केवढा मोठा वाटा वासाचा असतो हे त्या क्षणी कळते, आणि सर्दी झाली की जेवण बेचव का लागते याचा उलगडाही होतो.

इतर उद्योगांची यादी वाचकांना स्वतःच वाढविता येईल, म्हणून मी त्यांचा धावता उल्लेख करतो. आडव्या चिरलेल्या भेंडीचा रंगात बुडवून उमटविलेला ठसा पाच पाकळ्यांच्या फुलासारखा दिसतो. ढोबळी मिरचीच्या ठशात तीन किंवा चार कप्पे मिळतात, आणि असे का, हे विचारले की फळाच्या रचनेचा अभ्यास सुरू होतो. भिजवून फडक्यात बांधलेल्या मटकीला मोड येताना पाहणे, भिजण्यापूर्वीची आणि नंतरची एक वाटी मटकी तोलून पाहणे, हळदीच्या पाण्यात चुन्याची निवळी घालून ते लालभडक करणे आणि लिंबू पिळून पुन्हा पिवळे करणे, पसरट कुंडीत मेथी पेरून तीन-चार आठवड्यांनी स्वतःच्या हाताने खुडणे; आणि खुडलेल्या मेथीचे थालीपीठ करताना चौघांचे प्रमाण सहांसाठी वाढविणे. कमलाबाई ओगले यांच्या ‘रुचिरा’ने १९७० साली वाटी-चमच्याच्या मापांत मराठी स्वयंपाक बांधून दिला, त्यामुळे तो अपूर्णांकांच्या अंकगणिताचाही उत्तम ग्रंथ झाला आहे, याकडे शिक्षकांचे लक्ष जावे असे वाटते.

थोड्या मोठ्या मुलांसाठी इतिहास-भूगोलाचा मार्ग मला फार फलदायी वाटतो. एकादशीच्या दिवशी ताटात येणारी साबुदाण्याची खिचडी घ्या आणि मुलांना जगाचा नकाशा द्या. आपल्याकडचा साबुदाणा ज्या कसाव्याच्या कंदापासून होतो तो दक्षिण अमेरिकेचा, शेंगदाणा तेथलाच, बटाटा अँडीज पर्वतातला, आणि हिरवी मिरची मध्य अमेरिकेच्या परिसरातली. कोलंबस १४९२ साली अमेरिकेला पोहोचण्यापूर्वी यांपैकी एकही वस्तू हिंदुस्थानात नव्हती; मिरची आपल्याकडे आली ती पोर्तुगीजांच्या गलबतांतून गोव्याच्या बाजूने, आणि तत्पूर्वी महाराष्ट्रातील तिखटाचा कारभार मिरे, आले, पिंपळी हीच मंडळी पाहात होती. ज्या पदार्थाने आपले पिढीजात उपवास पार पडतात त्यातले जिरे आणि तूप वगळता जवळजवळ सारे काही चारपाचशे वर्षांपूर्वी परके होते, हे कळल्यावर मुलांच्या चेहऱ्यावर जो विस्मय दिसतो तो पाहण्यासारखा असतो. युरोपातही बटाट्याला सुखासुखी प्रवेश मिळाला नाही. अठराव्या शतकात फ्रान्समध्ये त्याचा प्रसार करण्यासाठी झटणाऱ्या पारमांतिए यांनी बटाट्याच्या शेतावर दिवसा पहारा बसवून रात्री तो मुद्दाम उठविला, म्हणजे एवढे जपतात त्या अर्थी वस्तू मोलाची असावी असे समजून लोकांनी चोरून नेऊन ती लावावी, अशी गोष्ट सांगतात. आपल्याकडील सोवळ्याच्या स्वयंपाकघरांतही टोमॅटोला कित्येक वर्षे मज्जाव होता. अशा रीतीने अनोळखी अन्नाला भिणारा आपण एकटाच नाही, मोठमोठे समाज पिढ्यान्‌पिढ्या असेच भीत आले आणि मग हळूहळू सरावले, हे मुलाला उमगते. आणि त्याच्या भीतीला तिचा मान मिळतो.

पंक्तीचे सामर्थ्य ज्यांनी पूर्णपणे ओळखले होते असे एक शिक्षक म्हणजे जपानमधील तोमोए शाळेचे मुख्याध्यापक सोसाकू कोबायाशी. तेत्सुको कुरोयानागी यांनी ‘तोत्तोचान’ या आपल्या आठवणींच्या पुस्तकात त्यांचे जे चित्र रेखाटले आहे ते मराठी वाचकांच्या चांगल्या परिचयाचे आहे. डब्यात रोज काहीतरी समुद्रातले आणि काहीतरी डोंगरावरचे असावे, एवढीच त्यांची पालकांना सूचना असे. जीवनसत्त्वे, प्रथिने यांचा उच्चार नाही, महाग जिन्नसांचा आग्रह नाही. डबे उघडले की ते स्वतः मुलांमध्ये फिरून प्रत्येकाच्या डब्यात समुद्र आणि डोंगर शोधीत, आणि एखाद्याच्या डब्यात दोहोंपैकी काही उणे असेल तर त्यांची पत्नी हातातल्या पातेल्यांतून ते वाढीत असे. आपल्या डब्यातील मासा कोठला, भाजी कोठली, हे शोधण्यात मुले इतकी रंगून जात की आवडनिवड हा विषयच मागे पडे. आपल्या बालवाड्यांत जमिनीखालचे, जमिनीवरचे आणि वेलीवरचे अशी वाटणी करून हीच पद्धत उद्यापासून सुरू करता येईल. तिला सरकारी मंजुरी लागत नाही आणि एक पैसाही खर्च होत नाही.

आता ज्या एका अटीवर हे सारे अवलंबून आहे ती सांगितली पाहिजे. खेळ हा खरोखरीचा खेळ हवा. ठसे उमटवून झाल्यावर ‘आता हीच भेंडी खायची हं’ असे म्हटले की मुलाला कळून चुकते की रंग, कागद, कौतुक हे सगळे आमिष होते आणि गळ आत्ता दिसला; पुढच्या खेपेस ते रंगांकडेही संशयाने पाहील. पालकाची वाटून केलेली पेस्ट पराठ्यात गुपचूप मिसळण्याच्या युक्तीविषयीही माझे मत असेच आहे. तिने लोह पोटात जाईल, आणि नड असेल तेव्हा ती जरूर करावी. पण तिने पालकाशी ओळख होत नाही, आणि लपविलेले उघडकीस आले तर पराठ्यावरचा विश्वासही उडतो. त्यापेक्षा पालकाची जुडी मुलाकडूनच निवडून घ्यावी आणि पराठा हिरवा कशाने झाला हे त्यालाच इतरांना सांगू द्यावे. काय शिजवावयाचे, ते केव्हा आणि कोठे वाढावयाचे, हे ठरविण्याचा अखत्यार मोठ्यांचा. वाढलेल्यापैकी खावयाचे की नाही आणि किती खावयाचे, हा अखत्यार मुलाचा. अमेरिकन आहारतज्ज्ञ एलिन सॅटर यांनी केलेली ही विभागणी मला पूर्णपणे न्याय्य वाटते, आणि आपल्या घरांत ती मोडते ती बहुतेक वेळा मोठ्यांच्या बाजूने मोडते. ताटात काही टाकू नये हा आपला संस्कार चांगला आहे; पण तो पाळावयाचा तर ताटात वाढतानाच चिमूटभर वाढावे, आणि हवे तर पुन्हा मागू द्यावे.

प्रत्येक नकार मात्र अशा सौम्य उपायांवर सोपवून चालणार नाही. वजन वाढणे थांबले असेल किंवा ते घटत असेल, मूल फिकट व मलूल दिसत असेल, माती किंवा खडू खात असेल, गिळताना ठसका लागत असेल, अथवा एका विशिष्ट पोताचे सर्वच पदार्थ तोंडात जाताच उमासा येऊन त्याच्या आहारातील पदार्थांची संख्या दिवसेंदिवस कमी होत असेल, तर डॉक्टरांना दाखविण्यात हयगय करू नये. दिवसभर दुधाच्या बाटल्या पिणाऱ्या मुलाला जेवणाची भूक लागत नाही आणि त्याच्या रक्तातील लोहही कमी पडते, ही साधी गोष्टही पुष्कळदा दुर्लक्षित राहते. शेंगदाणे, अख्खी द्राक्षे, बोराची बी यांसारख्या घशात अडकणाऱ्या वस्तू चार-पाच वर्षांखालील मुलांच्या हाती देऊ नयेत, आणि बोरन्हाणातही हे भान ठेवावे.

वाचकांना एवढीच विनंती आहे की येत्या रविवारी मंडईत जाल तेव्हा मुलाला बरोबर न्या, पिशवीचा एक बंद त्याच्या हाती द्या, आणि घरात कधी न आलेली अशी एक भाजी त्याला स्वतः निवडू द्या. भाजीवालीला तिचे नाव, ती कोठून आली, ती कशी करतात, हे त्यालाच विचारू द्या, पैसेही त्यालाच मोजू द्या. ती घरी आल्यावर निवडताना, चिरताना, फोडणीला टाकताना ते जवळ असू द्या. आणि इतके सारे करून जेवणाच्या वेळी त्याने तिला बोटही लावले नाही, तर त्याबद्दल एक अक्षरही बोलू नका. आपण मात्र ती चवीने खा, आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा आणा.